क्रिस्तिआन हायगेन्स : वर्तुळगतीचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

वाचकहो, दोरीला दगड बांधून गरगर फिरविण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलाच असाल. हाताला ताण बसतो आणि दोरी सुटली की दगड सरळ रेषेत निघून जातो. दगडाला वर्तुळात धरून ठेवणारी केंद्राकडची ही ओढ म्हणजे केंद्रगामी बल. तिचे माप गणिताने प्रथम काढले ते हॉलंडच्या क्रिस्तिआन हायगेन्स यांनी.

हायगेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हेग येथे झाला. वडील कॉन्स्टंटाइन हे नामांकित कवी व मुत्सद्दी होते. लेडन विद्यापीठात क्रिस्तिआन कायदा व गणित शिकले. पण मन रमले ते गणितात. १६५५ मध्ये त्यांनी शनीचा उपग्रह टायटन शोधला आणि १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले.

१६५९ मध्ये त्यांना वर्तुळगतीचा नियम गवसला. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणावे व त्रिज्येने भागावे, की बल मिळते. समजा, अर्धा किलोग्रॅमचा दगड एक मीटर दोरीवर सेकंदाला २ मीटर वेगाने फिरतो आहे. बल २ न्यूटन येईल. वेग ४ मीटर केला, तर बल दुप्पट नव्हे, चौपट म्हणजे ८ न्यूटन होईल! वळणावर सायकलचा वेग का कमी करावा, याचे उत्तर येथेच आहे.

हायगेन्स यांनी या बलाकडे बाहेर जाणारी ओढ म्हणून पाहिले व त्याला केंद्रोत्सारी असे नाव दिले. केंद्रगामी हे नाव पुढे न्यूटन यांनी दिले. माप मात्र तेच राहिले.

१६६६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना सन्मानाने बोलाविले. १६७३ च्या घड्याळावरील ग्रंथात त्यांनी या विषयाचे तेरा सिद्धांत दिले, पण सिद्धता दिल्या नाहीत. प्रकृतीने साथ दिली नाही. १६८१ मध्ये ते हेगला परतले आणि ८ जुलै १६९५ रोजी तेथेच निवर्तले. सिद्धतांसह संपूर्ण प्रबंध छापला गेला तो १७०३ मध्ये, म्हणजे शोधानंतर ४४ वर्षांनी. तो पाहायला ते हयात नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत दोन मिनिटांत सुटणाऱ्या या उदाहरणामागे असे एक आयुष्य उभे आहे. म्हणून सूत्र नुसते पाठ करू नका. एकदा दोरी हातात घ्या, मोकळ्या मैदानात दगड फिरवा आणि तो ताण स्वतः अनुभवा.