समजून घ्या : म्हसावद नेमकं कुठे? नकाशाचं कोडं आणि ज्ञानकोशकार केतकर

खान्देशात म्हसावद एकच नाही. एक नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. दुसरं जळगाव तालुक्यात, रेल्वे स्टेशन असलेलं. मग मोबाइलला कसं कळतं?

साखळी कशी चालते?
गाव तालुक्याचा भाग, तालुका जिल्ह्याचा. म्हणून गावही जिल्ह्याचा भाग. 'जवळ' या शब्दाला हा नियम लागत नाही. 'अ'जवळ 'ब' आणि 'ब'जवळ 'क' असलं, तरी 'अ'जवळ 'क' असेलच असं नाही. त्यामुळे डेटाबेसमध्ये प्रत्येक नात्याचा नियम वेगळा लिहावा लागतो. कशात काय मोडतं, हा प्रश्न मराठीत कागदावर मोठ्या प्रमाणात हाताळला तो डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी.

कोण होते केतकर?
जन्म 1884, रायपूर. शिक्षण अमरावती, मुंबई आणि नंतर अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. तिथे 1911मध्ये पीएच.डी. मिळाली. परतल्यावर त्यांनी मराठी ज्ञानकोशाचा ध्यास घेतला. त्यासाठी नागपुरात कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार मिळवले.

23 खंड, एक अडचण
वर्णानुक्रम लावला की तापी 'त'मध्ये, शहादा 'श'मध्ये, सातपुडा 'स'मध्ये जातो. जमिनीवर शेजारी असलेल्या गोष्टी कागदावर दुरावतात. केतकरांनी म्हणून पहिले पाच खंड विषयवार केले, त्यानंतर वर्णानुक्रमाचे खंड दिले. 22वा खंड सूचीचा, तर 23वा हिंदुस्थानावर. 1920च्या दशकात हे काम तडीस गेलं.

किंमत काय मोजली?
कोश झाला, पण केतकर श्रीमंत झाले नाहीत. ते कादंबऱ्या लिहीत राहिले, 1931मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज काय बदललं?
केतकरांच्या काळात शहादा तालुका पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. पुढे तो धुळे जिल्ह्यात गेला आणि 1 जुलै 1998पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. म्हसावद जागचं हललं नाही. साखळीतली वरची कडी बदलली. छापील खंडात अशी दुरुस्ती नव्या आवृत्तीशिवाय होत नाही. डेटाबेसमध्ये शहाद्यापुढचा जिल्हा एकदा बदलला, की तालुक्यातल्या सगळ्या गावांचा पत्ता आपोआप बदलतो. पण त्यासाठी कोणतं गाव कोणत्या तालुक्यात, हे आधी कुणीतरी नीट लावून ठेवलेलं असावं लागतं.