फाळकेंच्या कुंडीतला वाटाणा: हाताने केलेला टाइमलॅप्स

फोनमधला टाइमलॅप्स मोड चालू केला की तासाभराचे ढग काही सेकंदांत पळतात. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांनी हीच गोष्ट १९१२ मध्ये हाताने केली, तीही वाटाण्याच्या रोपावर.

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी, छपाई शिकले. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा सुरू केला, पण प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग छापखाना काढला. भागीदारांशी पटलं नाही, तोही सुटला.

१९११ मध्ये येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपणही सिनेमा काढायचा हे पक्कं झालं. प्रयोग करून करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. बरं वाटल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी लंडन गाठलं आणि कॅमेरा घेतला.

आता मोठ्या सिनेमासाठी पैसा हवा होता, पण या धंद्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून फाळकेंनी आधी डेमो बनवला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून जास्त काळ थोड्या थोड्या वेळाने चित्रण केलं. पडद्यावर बी रुजलं, कोंब फुटला, वेल झाला, सगळं सलग.

यामागचं गणित सोपं आहे. समजा तासाला एक फ्रेम घेतली, तर ३० दिवसांत ७२० फ्रेम होतात. सेकंदाला १६ फ्रेम दाखवल्या तर अख्खा महिना ४५ सेकंदांत संपतो.

हा डेमो पाहून कर्ज मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ ला मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे हातात फारसा पैसा राहिला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला फाळके नाशिकला गेले.

हा प्रयोग आज हिंगोलीतल्या कुठल्याही घरात होईल. हरभरा पेरा, फोन रोज त्याच जागी ठेवून फोटो घ्या. घरी फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर काचेवर झेंडूचं फूल ठेवा, झाकण उघडंच ठेवून वर काळं कापड टाका आणि रोज एक स्कॅन करा. फूल हलवू नका. स्कॅन ओळीने जोडले की सुकत जाणाऱ्या पाकळ्यांचा सिनेमा तयार.