घट्ट मांड, सैल लगाम

गेल्या हिवाळ्यात काशीदच्या किनाऱ्यावर नातवाच्या हट्टापायी मी घोड्यावर बसलो. वय चौसष्ट. बँकेतल्या छत्तीस वर्षांत खुर्चीवर बसण्याचा अनुभव भरपूर, पण खुर्ची आपणहून चालू लागली तर काय करायचे हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेले नव्हते. घोडा दहा पावले गेला आणि मला वाटले, हा आता उधळणार. मी दोन्ही हातांनी लगाम खेचला आणि पडू नये म्हणून टाचा त्याच्या पोटाशी आवळल्या. त्याबरोबर घोड्याने मान झटकली आणि तो जागच्या जागी थयथय नाचू लागला. नातू शेजारच्या घोड्यावरून खो खो हसत होता.

घोडेवाला पोरगा धावत आला. असेल सतरा-अठरा वर्षांचा. त्याने आधी घोड्याच्या मानेवर हात ठेवला, मग माझ्या मुठीतला लगाम सैल केला, टाचा सोडायला लावल्या आणि घोड्याच्या कानांकडे न बघता लांब समोर बघायला सांगितले. हाताने तुम्ही त्याला थांब म्हणता, पायाने पळ म्हणता, त्याने ऐकायचे कुणाचे, असे काहीसे तो हसत म्हणाला. मी श्वास सोडला. खरोखरच सोडला, तोवर तो कोंडून धरला होता हेही मला ठाऊक नव्हते. घोडा शांत झाला आणि मुकाट्याने चालू लागला.

त्या रात्री मुक्कामावर पडल्या पडल्या मला बाजीराव पेशवे आठवले. माझ्या घोडेस्वारीची त्यांच्याशी तुलना करावी इतका मी वेडा नाही. आठवण झाली ती त्या सैल लगामामुळे. एक आख्यायिका लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेली असते. बाजीराव दिसतात तरी कसे, हे बघण्यासाठी एक चितारी पाठवला गेला. कुणी म्हणते निजामाने पाठवला, कुणी म्हणते दिल्लीच्या बादशहाने. जसे दिसतील तसेच काढून आण, असा हुकूम. चिताऱ्याने आणलेल्या चित्रात दरबारी थाट नव्हता, शिरपेच नव्हता. घोड्यावर बसलेला एक तरुण, खांद्यावर भाला टेकवलेला, लगाम घोड्याच्या मानेवर सोडून दिलेला, आणि तो स्वार दोन्ही तळहातांत जोंधळ्याचे कणीस चोळून दाणे तोंडात टाकत चाललेला. ही गोष्ट आपल्याला साधेपणाची म्हणून सांगितली जाते. त्या रात्री मला ती मनाच्या स्थैर्याची गोष्ट वाटली. चालत्या घोड्यावर दोन्ही हात मोकळे सोडायचे, तर मांड किती पक्की हवी आणि मन किती ठिकाणावर हवे!

आणखी गंमत अशी की बाजीरावांचे घराणे याच किनाऱ्यावरचे. काशीदहून पुढे मुरुड, मुरुडहून राजपुरी, तिथे समोर पाण्यात जंजिरा उभा. आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरले की पुढे श्रीवर्धन. या श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. आज तिथे पेशव्यांचे स्मारक आहे. मुलूख कसला, तर नारळी-पोफळीचा, भातखाचरांचा आणि खाड्यांचा. इथे माणसाला होडी वल्हवता आली पाहिजे, चिखलात पाय रोवता आला पाहिजे. भरधाव घोडा फेकायला इथे मोकळे रान कुठले?

बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ हे खरे लेखणीचे आणि हिशेबाचे गृहस्थ. सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धन सुटले, काही काळ त्यांनी चिपळूणला मिठागरांवर काम केले आणि मग घाट चढून ते देशावर आले. तिथे मोठ्या योग्यतेला पोहोचले, पण घोडा काही त्यांना वश झाला नाही. घोड्यावर बसताना त्यांना दोन्ही बाजूंनी धरायला माणूस लागे, अशी हकीकत सांगितली जाते. आम्हा हिशेबनिसांच्या जातकुळीतला हा थोर पुरुष मला त्यामुळे फार जवळचा वाटतो.

१७११ साली या बाळाजींवर जिवावरचा प्रसंग आला. शिकारीत हरणावरून कुरापत निघाली आणि सेनापती चंद्रसेन जाधव त्यांच्या पाठी लागले. बाळाजी पळाले आणि शेवटी पांडवगडाच्या आश्रयाला गेले. बरोबर दोन्ही मुलगे होते, बाजीराव आणि धाकटे चिमाजी. बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७००चा, म्हणजे तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे पोर. मागे शत्रूची घोडी, पुढे वडील, आणि त्या वडिलांची मांड कच्ची. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस, म्हणून मला असे वाटते की खोगिरावरून ढळायचे नाही, हे त्या मुलाने त्या पळापळीतच मनाशी बांधले असेल. इतिहास याची साक्ष देत नाही. पण बुद्धीच्या जोरावर पेशवेपद मिळवणाऱ्या बापाचा मुलगा त्या शतकातला सर्वांत नामांकित स्वार झाला, याची साक्ष मात्र देतो.

१७१३ साली बाळाजी पेशवे झाले. मुलगा त्यांच्याबरोबर मोहिमांवर जाऊ लागला. १७१८-१९ मध्ये मराठ्यांची फौज दिल्लीला गेली, तिच्यात तो होता. पुण्या-साताऱ्याकडून दिल्ली आणि परत, ही तेव्हाची शाळा. खाली असत ते भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी घोडे. उंचीला बेताचे, पण काटक, खडकाळ वाटेवर पाय न चुकणारे, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारे. अशा घोड्यावर दिवसचे दिवस काढायचे तर लगाम खेचून भागत नाही. घट्ट लगामाने घोड्याचे तोंड दुखते, तो चिडतो आणि लवकर दमतो. शिवाय हातात भाला किंवा तलवार असली की लगामाला हात उरतोच किती? घोडा चालवायचा तो मांड्यांच्या दाबाने, अंगाच्या तोलाने. आपल्या भाषेने बैठकीला मांड म्हटले ते उगीच नाही.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी सासवडला वारले आणि त्याच महिन्यात, १७ तारखेला, शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना दिली. वय वीस पुरे नाही. दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांना हे पोर उतावळे वाटे. पण पुढच्या वीस वर्षांत जे दिसले, त्याला उतावळेपणा कसे म्हणावे?

पालखेडचीच गोष्ट घ्या. १७२७-२८ मध्ये निजामाने मोठा तोफखाना घेऊन पुण्यावर चाल केली. आपले घर जळते आहे म्हटल्यावर कुणीही घराकडे धावेल. बाजीराव धावले नाहीत. तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत, अशी सडी फौज घेऊन ते जालन्याकडे शिरले, बऱ्हाणपूरचा दम दिला, खानदेशातून गुजरातेत उतरले आणि पुन्हा वळले. मागे मागे फिरणाऱ्या निजामाला शेवटी जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ पाण्याला महाग होऊन तो कोंडीत सापडला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धशास्त्राच्या इतिहासात या मोहिमेला मानाचे पान दिले. मला त्यात काशीदचा धडा दिसतो. भीती वाटली की माणूस घाबऱ्या नजरेने जवळचे बघतो आणि मूठ आवळतो. बाजीरावांनी नजर लांब ठेवली आणि पुण्यावरची मूठ सैल सोडली.

१७३७ च्या मार्चमध्ये तेच दिल्लीला घडले. सादतखानाने मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटले आणि मराठे पिटाळून लावल्याची बढाई मारली. बादशाही सरदार त्या आनंदात असताना बाजीराव त्यांना बगल देऊन, लांब लांब मजला मारत थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले. आणि तिथे पोहोचून त्यांनी शहर लुटले नाही. जरब बसवली आणि परतले. भरधाव आणलेला घोडा नेमका हवा तिथे थांबवणे, यात स्वाराची खरी परीक्षा असते.

ही मनाची अवस्था कसली? हल्ली तिला माइंडफुलनेस म्हणतात, तिचे वर्ग चालतात. आपल्याकडे शब्द आहे अवधान. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा मागितले जाते ते हेच. अवधान म्हणजे कपाळाला आठ्या घालून केलेली एकाग्रता नव्हे. समोर जे आहे तिथे पूर्ण हजर असणे, एवढेच. बाजीरावांनी ध्यानावर काही लिहून ठेवलेले नाही. पण घोडा हा असा गुरू आहे की तो गैरहजेरी लगेच पकडतो. माशी बसली तरी त्याची कातडी थरथरते, मग पाठीवरच्या माणसाचा कोंडलेला श्वास त्याला कळणार नाही? २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडा घेऊन ठरावीक अंतर चार वेळा जायचे. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले, आता घोड्याजवळ एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण धास्तीने माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. माणसाच्या मनातली छत्री घोड्याने पाहिली! आणि ग्रीक सेनानी झेनोफोनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वारोहणावरच्या ग्रंथात बजावून ठेवले आहे, की रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये.

म्हणून राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहिले की मला १७३३ साल आठवते. सिद्दीच्या घरात वारसाचे भांडण लागले होते. बाजीराव घाट उतरून आले, किनाऱ्यावरची ठाणी घेतली, तिकडे जूनमध्ये प्रतिनिधींनी रायगड मिळवला. पण जंजिरा पाण्यात. मुलूखभर दौडलेला घोडा इथे वाळूवर येऊन थांबला. पुढे आंग्र्यांचे आरमार हवे होते, आणि ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रेच वारले. पाऊस, खवळलेला समुद्र, मुंबईहून सिद्दीला इंग्रजांची मदत. वर्षअखेर तह करून बाजीराव परतले. बराच मुलूख आला, जंजिरा राहिला. पुढे १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारले आणि १७३९ मध्ये वसई घेतली, तरी जंजिरा राहिलाच. टाच मारून समुद्र हलत नाही. श्रीवर्धनच्या पोराला आजोबा-पणजोबांच्या किनाऱ्याने शिकवलेला हा धडा म्हणायचा.

दुसरा धडा अधिक कठीण होता, आणि तो घरातला. मस्तानीवरून पुण्यातले घर दुभंगले. शेवटच्या मोहिमेवर बाजीराव असताना तिला पुण्यात अडकवून ठेवले होते. नासिरजंगाशी युद्ध झाले, १७४०च्या आरंभी तहही झाला. पण चिमाजीअप्पांच्या पत्रांत थोरल्या भावाच्या मनाची काळजी आहे. पुढचे आपल्याला माहीत आहे. नर्मदेच्या काठी रावेरखेडीला ताप आला आणि २८ एप्रिल १७४० रोजी ते गेले. चाळिशीही पुरी झाली नव्हती. पाठोपाठ मस्तानी गेली, आणि वर्ष सरायच्या आत चिमाजीअप्पाही. भाऊ, आई, पत्नी, मुलगा, मस्तानी: यातले कुणी वाईट नव्हते. प्रत्येकाने आपापल्या भीतीने लगाम आपल्याकडे ओढला. निजामाच्या तोफांपुढे ज्याचा हात सैल राहिला, त्याला घरच्या ओढाताणीत मांड सांभाळणे जड गेले. यात मला त्यांचे उणेपण दिसत नाही. रणांगणात माणूस एका ठिकाणी हजर राहू शकतो. घरात त्याला चार ठिकाणी एकदम हजर राहावे लागते, आणि ती विद्या शिकवणारा घोडा अजून निपजलेला नाही.

हे लिहिताना मला माझेच घर आठवते. नोकरीत असताना जेवणाच्या ताटावर मी उद्याची थकबाकी मोजत असे. मुलगी शाळेतले काही सांगे, मी हो हो म्हणे, आणि ती मध्येच थांबे. तिला काय सांगायचे होते ते मी कधी विचारले नाही. घोड्याने मान झटकली असती. मुले मुकाट्याने उठून जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी त्याच पोराकडे, त्याच घोड्यावर पुन्हा बसलो. टाचा मोकळ्या सोडल्या, लगाम सैल धरला, नजर लांब पाण्याच्या रेषेवर. कणीस चोळायची हिंमत अर्थातच नव्हती. पण पंधराएक मिनिटे घोडा आणि मी एका चालीने चाललो. शेजारून नातू काहीबाही सांगत होता: शाळेतला मित्र, हरवलेली पेन्सिल, बाईंनी दिलेला तारा. घोडा कान टवकारून चालला होता. मीही.