खिशातलं होकायंत्र आणि हिंगणघाटात विसावलेला लॅम्बटन

दुसरबीड : आज आपल्या मोबाईलमध्येच होकायंत्र असतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ते छोट्या डबीतून खिशात घालून न्यायचे. आत चुंबकाची सुई, ती उत्तर-दक्षिण दाखवणार. जवळ लोखंड आलं की मात्र बहकणार.

अशाच एका डबीने विल्यम लॅम्बटनचा शब्द खरा ठरवला. हा इंग्लंडच्या यॉर्कशायरचा, शेतकरी मुलखातला. गणितात हुशार. फौजेत भरती झाला, अमेरिकेत बरीच वर्षं काढली आणि चाळिशी उलटल्यावर हिंदुस्थानात आला.

एप्रिल १७९९. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणला इंग्रजांनी वेढा घालायला घेतला होता. (लॅम्बटन त्या फौजेतला, हे विसरायचं नाही.) रात्री जनरल बेअर्डची तुकडी गस्तीला निघाली. परतायचं होतं दक्षिणेला, आपल्या छावणीकडे. पण आकाशातले तारे पाहून लॅम्बटनच्या लक्षात आलं, आपण तर उत्तरेला चाललो, थेट टिपूच्या फौजेकडे! त्याने जनरलला सांगितलं. जनरलने उडवून लावलं. पुढे शत्रूची चौकी आडवी आली तेव्हा कुठे शंका आली. उजेड करून खिशातलं होकायंत्र पाहिलं, तर लॅम्बटन बरोबर! तुकडी माघारी फिरली, नाहीतर त्या शिपायांचं काही खरं नव्हतं.

युद्ध संपल्यावर त्याने देश मोजायची परवानगी मागितली. नुसत्या होकायंत्रावर एवढं मोठं काम होत नाही. कोन मोजायला लंडनहून अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट मागवलं. ते जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं, पण यंत्र परत दिलं. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ साखळीने पहिली रेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी साडेसात मैल, म्हणजे बारा किलोमीटर. त्या एका रेषेवरून त्रिकोणाला त्रिकोण जोडत काम पुढं सरकलं. १८०८ मध्ये तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना थिओडोलाइट आदळलं. दुसरा कुणी हात टेकले असते. याने तंबूत बसून, वाकलेलं चक्र स्वतःच्या हाताने सरळ केलं.

वीस वर्षं हेच. उन्हातान्हात, तापातही. सत्तरीच्या घरात नागपूरकडे निघाला, पण पोचला नाही. २० जानेवारी १८२३ ला वाटेतच, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याने प्राण सोडला. पुढची मोजणी त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने वऱ्हाडातून हिमालयाकडे नेली. जगातल्या सगळ्यात उंच शिखराला नाव एव्हरेस्टचं मिळालं. लॅम्बटनची कबर हिंगणघाटातच आहे.