टिळकांची भजने आणि त्यांची मंडळी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची नोंद मराठी कवितेच्या इतिहासात ‘फुलामुलांचे कवी’ अशी झाली आहे. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ या रचनांवरून आणि बालकवींशी असलेल्या संबंधावरून त्यांचे स्थान ठरते. धर्मांतराचा उल्लेख होतो तो बहुधा चरित्रातील एक नाट्यपूर्ण घटना म्हणून, आणि तीही लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. या मांडणीत टिळकांच्या कवितेचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग मात्र दृष्टीआड होतो. तो श्रोतृवर्ग म्हणजे दर रविवारी उपासनेला जमणारी मराठी ख्रिस्ती मंडळी. तिच्यासाठी त्यांनी जे लिहिले ते वाचण्यासाठी नव्हते, गाण्यासाठी होते. आणि अनेकांनी मिळून गाण्यासाठी होते. एका पंडित कवीच्या भाषेचे त्यामुळे काय झाले, हा त्यांच्या चरित्रातील खरा वाङ्मयीन प्रश्न होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अत्यंत कठोर होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असणाऱ्या. आईच्या मृत्यूनंतर वडिलांच्या घराशी या मुलाचे नाते तुटल्यासारखेच झाले. शिक्षण कल्याण व नाशिक येथे, तेही तुकड्यातुकड्यांनी झाले. संस्कृत काव्याचा व्यासंग त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी केला. इंग्रजी शाळेचा अभ्यासक्रम पुरा न करताच त्यांनी शिक्षकी पत्करली. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्या लक्ष्मी झाल्या. पुढची दहा-बारा वर्षे एका गावाहून दुसऱ्या गावी, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत अशी गेली. कीर्तन, व्याख्यान, शीघ्रकवित्व यांवर लोक खूश होत. संसार मात्र स्थिर होत नसे. १८९१ च्या सुमारास नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. ‘ऋषि’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. या काळातील टिळक हे धर्मसुधारणेच्या विचाराने अस्वस्थ झालेले, जातिभेदाला कंटाळलेले, पण शैलीने संस्कृतवळणाचे कवी होते.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही हकीकत सुपरिचित आहे. ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यामागची दीर्घ तयारी विसरली जाते. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले हे खरे. परंतु ते ज्या मनाने वाचले गेले ते मन तुकारामांच्या अभंगांवर पोसलेले होते. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती व ती त्यांनी कधी सोडली नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी व लहान मुलगा दत्तू हे तेव्हा त्यांच्यापासून दुरावले. त्यानंतरची ताटातूट, लक्ष्मीबाईंचे हळूहळू परतणे, सोवळे-ओवळे व जातिनिर्बंध यांतून त्यांची झालेली सुटका आणि १९०० मध्ये त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा, हे सर्व त्यांनी स्वतःच इतके उत्तम सांगून ठेवले आहे की येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

टिळक ज्या समाजात आले तो समाज कसा होता हे पाहणे अधिक आवश्यक आहे. मराठवाड्यातील जालन्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेव्हाच्या निजामी मुलखात, जालना छावणीच्या गावी, १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्चच्या वतीने कार्य आरंभले. शेषाद्री हेही ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने कुटुंबाच्या ताब्यात दिले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा श्रीपतच्या बाजूने उभे राहिले होते. शेषाद्रींनी जालन्याजवळ सालारजंगांच्या अनुकूलतेने मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. तेथे येऊन राहिलेली माणसे मुख्यतः मांग व महार समाजांतील होती. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचीही घडण फारशी वेगळी नव्हती. शेषाद्री १८९१ मध्ये अमेरिकेहून परतीच्या समुद्रप्रवासात निवर्तले. टिळकांचा बाप्तिस्मा त्यानंतर चार वर्षांनी झाला. दोघांच्याही पुढे एकच वस्तुस्थिती होती. बोलणारा शास्त्र शिकलेला ब्राह्मण आणि ऐकणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेले. ज्यांना पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोहोचते ते गाण्यातून, आणि गाण्याची समृद्ध परंपरा तर या समाजांच्या घरातच होती.

मिशनच्या उपासनेत मात्र इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ चालींवर म्हणण्याचा प्रघात होता. मराठीच्या दीर्घ-ऱ्हस्वाला त्या चालींत जागा नसे. आघात भलत्याच अक्षरावर पडे आणि अर्थ हरवे. गोष्ट नवी नव्हती. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापून या प्रश्नाचे उत्तर आधीच दिले होते, पण प्रॉटेस्टंट मिशनच्या परंपरेशी त्याचा धागा जुळलेला नव्हता. अहमदनगरच्या मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी देशी चालींवर पुष्कळ पदे रचली, आणि ख्रिस्ती कीर्तनाची प्रथाही त्या भागात टिळकांपूर्वीच रुजली होती. तेव्हा टिळकांनी एकट्याने मराठी ख्रिस्ती गीत निर्माण केले असे म्हणणे सांगळ्यांवर अन्याय करणारे ठरेल. टिळकांनी केले ते वेगळे आहे. सांगळ्यांच्या पिढीने चाल देशी केली. टिळकांनी भाव देशी केला. ख्रिस्ताला राजा व न्यायाधीश म्हणून संबोधण्यापेक्षा आई म्हणून, गुरू म्हणून, सखा म्हणून हाक मारणे त्यांना जवळचे वाटले. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेला या हाकेसाठी वेगळे शिक्षण लागत नव्हते.

अहमदनगर हेच टिळकांचे खरे कार्यक्षेत्र. तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा त्यांच्याविषयी आदर होता. पुढे मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारे जस्टिन अॅबट हेही याच मिशनचे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या या पत्राला टिळकांच्या काळात काव्याचे एक हक्काचे दालन मिळाले. गीत लिहावे, ते नियतकालिकातून मंडळ्यांत जावे, तिथे तोंडी रुळावे आणि मग गीतपुस्तकात यावे, असा त्याचा प्रवास असे. गीतपुस्तकाच्या आधी गाणाऱ्यांची परीक्षा होती. मंडळीच्या जिभेवर न बसणारा संस्कृत समास तेथे टिकत नसे. नागपूरच्या काळातील टिळकांची कविता आणि ‘अभंगांजली’तील टिळक यांच्या भाषेत जे अंतर आहे, त्याचे श्रेय या न लिहिणाऱ्या परीक्षकांनाही दिले पाहिजे.

टिळकांचे घर हे या निर्मितीचे दुसरे स्थान. अनाथ मुले, विद्यार्थी, नवख्रिस्ती तरुण, कवितेचे वेड असलेले पाहुणे यांनी ते सदैव भरलेले असे. मिळकतीचा व पाहुण्यांचा मेळ कधीच बसला नाही आणि त्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडला, हे विसरून या घराचे कौतुक करणे योग्य होणार नाही. पण त्याच घरात लक्ष्मीबाई कवयित्री झाल्या. अक्षरओळखीपासून टिळकांनीच त्यांना पुढे आणले होते. त्यांची स्वतःची पदेही मंडळीच्या गीतांत दाखल झाली. भास्कर कृष्ण उजगरे यांच्यासारखे तरुण ख्रिस्ती कवी टिळकांच्या प्रभावाखाली पुढे आले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, तेथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी सर्वांचे लक्ष वेधले. हेच पुढे बालकवी म्हणून ओळखले गेले. टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. भजने रचणारे तरुण आणि निसर्गकविता लिहिणारा हा तरुण एकाच घरात वावरत होते; कवितेच्या मैत्रीला बाप्तिस्म्याची अट नव्हती. पुढच्या ‘देवाच्या दरबारा’ची कल्पना ज्या भूमीत वाढली ती हीच असावी.

टिळकांच्या भजनांविषयी एक आक्षेप नोंदवणे जरूर आहे. ती सर्वच काव्य म्हणून सारख्या मोलाची नाहीत. काही प्रसंगोपात्त आहेत, काहींत उपदेश भावाला दाबून टाकतो, काही ठिकाणी तुकारामांची लय इतकी जशीच्या तशी येते की टिळकांचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तथापि जेथे आत्मनिवेदन आहे, स्वतःच्या अपात्रतेची जाणीव आहे, तेथे ही रचना निर्मळ होते. अशाच एका पदाचा निकल मॅक्निकल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पाश्चात्त्य गीतपुस्तकांत समाविष्ट झाला. ज्या भाषेतून गीते भाषांतरित होऊन मराठीत येत होती, त्या भाषेत मराठीतून गीत गेले. या उलट प्रवाहाची दखल मराठी समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही. हिंदुस्थानविषयीचे प्रेमही टिळकांनी उपासनेबाहेर ठेवले नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे देशाला पारखे होणे, हा समज खोडून काढण्यासाठी त्यांना वादापेक्षा प्रार्थनागीत अधिक उपयोगी वाटले.

अखेरच्या वर्षांत मिशनच्या चौकटीशी त्यांचे जमेनासे झाले. पगार घेऊन केलेली सेवा लोकांना परकीयांची चाकरी वाटते, ही बोच जुनी होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले लोक या दरबारात एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनऱ्यांपैकी काहींना ही धर्ममर्यादा ओलांडणारी गोष्ट वाटली. हिंदू समाजातील पुष्कळांना तो धर्मांतराचा नवा सापळा वाटला. दोन्हीकडच्या संशयात दरबाराला मूळ धरण्याइतका अवधी मिळाला नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. दरबाराची जी रूपरेषा टिळक मांडत होते ती त्यांच्या भजनांत आधीच प्रत्यक्षात आलेली होती. ख्रिस्ताचे नाव आणि वारकऱ्यांची लय तेथे एकमेकांच्या शेजारी बसली होती, आणि मंडळीने त्यावर कधी हरकत घेतली नव्हती.

५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अंत झाला. त्यानंतर वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत निवर्तले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, ही त्यांची इच्छा पाळण्यात आली. ख्रिस्ताचे जीवन ओवीत गाणारे ‘ख्रिस्तायन’ तेव्हा अपुरेच होते. त्याचे सुमारे दहा अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले होते.

त्यांच्या मागे भजने मंडळीकडेच राहिली. ‘उपासना संगीत’ या सातशेच्या आसपास गीते असलेल्या पुस्तकात टिळकांच्या नावावर अडीचशेच्या वर गीते आहेत, आणि मराठवाड्यासह मराठी मुलखातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती म्हटली जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना कर्त्याचे नाव ठाऊक असतेच असे नाही. अभंगाच्या बाबतीत शेवटी नाममुद्रा तरी असते, उपासनेच्या पदाला तीही बहुधा नसते. ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. नवऱ्याच्या पंडिती ओवीशेजारी त्यांची घरगुती, बोलीच्या जवळची ओवी बसवणे सोपे नव्हते, आणि दोन्हींतला फरक वाचताना जाणवतोही. त्यांनी आणखी चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आरंभ करणारे आणि पुरा करणारे असे दोघेही हयात नव्हते. तो वाचकांपुढे आणण्याची जबाबदारी मुलाने, देवदत्त टिळकांनी, उचलली.