नागनिका : नाणेघाटातली सातवाहन राणी



सातवाहनांचा धडा शिकवताना आपण बहुतेक वेळा गौतमीपुत्र सातकर्णीपाशी थांबतो. त्याच्याही बऱ्याच आधी होऊन गेलेली याच घराण्यातली एक राणी आहे, तिच्या वाट्याला फार तर एखादं वाक्य येतं. तिचं नाव नागनिका. लेखात ते नायनिका असं आहे. तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. दुसरे ते पहिले शतक असा सांगतात. विद्वानांत यावर अजून एकमत नाही, म्हणून मुलांना एकच साल पाठ करायला लावू नका.

तिला भेटायचं तर फार लांब जावं लागत नाही. आपल्या पनवेलहून कल्याण, मुरबाड, पुढे वैशाखरे, आणि तिथून नाणेघाटाची चढण. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं सगळे सांगतात. जवळच खडकात कोरलेली एक चौकोनी गुहा आहे. तिच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. नागनिकेबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक सगळं या एका गुहेतून आलेलं आहे.

आता तिचं कुटुंब पाहू. माहेर महारठींचं. वडील महारठी त्रणकयिर, अंगिय कुळातले. महारठी म्हणजे आपापल्या भागात वजन असलेले सरदार. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांतही महारठींची नावं सापडतात. सासर सातवाहनांचं. नवरा सातकर्णी, ज्याला लेखात दक्षिणापथाचा स्वामी म्हटलं आहे. मुलगे वेदिसिरी आणि सक्तिसिरी. पैठणच्या राजाला घाटवाटा सांभाळायच्या तर स्थानिक सरदारांची साथ हवीच, तेव्हा ही सोयरीक दोन्हीकडच्या फायद्याची असणार, असं मला वाटतं.

गुहेच्या मागच्या भिंतीवर या घराण्याचे पुतळे होते. पुतळे गेले. उरल्या त्या काही पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. पहिलं नाव सिमुक सातवाहनाचं, म्हणजे घराण्याच्या संस्थापकाचं. त्यानंतर देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, दोघं एकाच ओळीत. मुलांना इथे थांबवा आणि विचारा, कोणाचं नाव आधी आहे? राणीचं! पुढे एक कुमार, मग महारठी त्रणकयिर, मग कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन. मधलं एक नाव पार नष्ट झालंय. राजघराण्याच्या पुतळ्यांत सुनेचे वडील उभे आहेत, हे आपल्या आजच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा सहज घडत नाही.

साधारण त्याच शतकांत रोममध्ये कॉर्नेलिया नावाची एक उमराव स्त्री होऊन गेली. हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओची ती मुलगी आणि ग्राकस बंधूंची आई. बारा मुलांपैकी तीनच जगली. नवरा गेल्यावर इजिप्तच्या राजाची मागणी नाकारून तिने मुलांना वाढवलं. रोममध्ये तिचाही पुतळा होता. तोही गेला आणि नाव कोरलेला चौथरा मात्र राहिला. वर्गात नकाशा लावून या दोघींना शेजारी ठेवा, गंमत येते.

परत घाटात येऊ. लेखाची सुरुवात देवांना वंदन करून होते. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. पुढे राणीचं वर्णन आहे. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनच तापसीचं जिणं जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. यावरूनच अभ्यासक म्हणतात की लेख कोरला तेव्हा सातकर्णी हयात नव्हता, मुलगे लहान होते आणि राज्याचा कारभार ती पाहत होती. हे अनुमान आहे, पण पटणारं आहे.

मग येते यज्ञांची लांबलचक यादी. दोन अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी. इथेच विद्वानांची जुंपते. स्त्रीला स्वतंत्रपणे यज्ञ करण्याचा अधिकार नव्हता, म्हणून यज्ञ राजाचेच, असं काहीजण म्हणतात. काहींच्या मते ती यजमानीण. मला मधला अर्थ सरळ वाटतो. यज्ञ नवरा-बायकोने मिळून केले, आणि तो गेल्यावर त्याची नोंद तिने दगडात करून ठेवली. ती नोंदही राजवाड्यात केली नाही. व्यापारी, हमाल, बैलांचे तांडे रोज जातील अशा वाटेवर केली. नवरा नाही, मुलं अजाण, आजूबाजूला राज्यावर डोळा ठेवून बसलेले लोक. अशा वेळी हे घराणं कोणाचं, यांच्यामागे कोण उभं आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवं होतं. वडिलांचा पुतळा तिथे का, याचं उत्तर मला यातच दिसतं.

गणिताच्या शिक्षकांनी तर हा लेख सोडूच नये. दक्षिणेचे आकडे त्यात अंकांत लिहिले आहेत. एका यज्ञाला १,७०० गायी आणि १० हत्ती. एकाला ११,००० गायी आणि १,००० घोडे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. आणि या सगळ्यात शून्य नाही! शंभरासाठी एक चिन्ह, हजारासाठी दुसरं. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सात जोडायचा. चोवीस हजार चारशे म्हणजे वीस हजारांचं चिन्ह, चार हजारांचं, चारशेचं, असं ओळीने. पाचवीच्या मुलांना फळ्यावर तसं करायला लावा. स्थानिक किंमत का लागते हे वेगळं समजवावं लागत नाही.

हा लेख आधुनिक अभ्यासकांपुढे आला तो सैन्यातला अधिकारी कर्नल साइक्स याच्यामुळे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यातले अंक उलगडले पंडित भगवानलाल इंद्रजींनी, त्यांचा निबंध १८७६ चा. १८८३ मध्ये ब्यूलर यांनी वाचन छापलं. लेख जागोजागी झिजलाय. मोठ्या लेखात राणीचं नाव जिथे असावं, तिथलाच दगड दुखावलेला आहे. पुतळ्यावरची ती एक ओळ शाबूत राहिली म्हणून नायनिका हे नाव आपल्याला खात्रीने घेता येतं.

मुलांचं पुढे काय झालं? वेदिसिरीबद्दल फारसं कळत नाही. हकुसिरी आणि सक्तिसिरी एकच, असं बरेचजण मानतात, कारण प्राकृतात सक्तीचं हकु होऊ शकतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत चैत्यगृह पूर्ण करवून घेणारी भटपालिका नावाची एक स्त्री आहे, राजाच्या अमात्याची मुलगी आणि अमात्याचीच बायको. तिने आपल्या ओळखीत महाहकुसिरीचं नाव कोरलं आहे. काही अभ्यासक तिला त्याची नात मानतात. हा महाहकुसिरी जर नाणेघाटातलाच कुमार असेल, तर भटपालिका नागनिकेची पणती ठरते. बौद्ध लेण्यासाठी दान देणारी, आणि पणजीसारखंच स्वतःचं नाव दगडावर ठेवून गेलेली.