बाळंतिणीच्या उशाशी सावित्रीबाई

‘डूला’ हा शब्द अलीकडे शहरांतल्या प्रसूतिगृहांत कानावर पडतो. डूला डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे आणि सुईणही नव्हे. ती नाळ कापत नाही, औषध देत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बाईजवळ बसायचे, कंबर चोळायची, धीर द्यायचा, एवढेच तिचे काम. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, तिथे हे काम आई, मावशी, आत्या करत आल्या. पण जिला माहेरही दार लावून घेते, तिच्याजवळ कोण बसणार? पुण्यात सावित्रीबाई फुले बसल्या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४८ सालची मुलींची शाळा सर्वांना माहीत आहे. त्यांच्या घरातल्या बाळंतपणांबद्दल मात्र आपण कमी बोलतो.

जोतिरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. लोकलाजेपोटी तिने नवजात बाळाला मारले आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर १८६३ मध्ये फुले दांपत्याने स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी जाहिरात त्यांनी शहरात लावली. घरात येणाऱ्या या बायकांची देखभाल सावित्रीबाई करत.

जोतिरावांनी १८८४ मध्ये दिलेला आकडा सुन्न करतो. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या आणि मुले जगली फक्त ५. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांना ते बाकीच्या मृत्यूंचे कारण मानत. सोबतीने विष उतरत नाही. डूला डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही, ते यासाठीच.

मग सोबतीने होते काय? भीतीने शरीरात ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि कळा मंदावू शकतात. ओळखीचा, शांत हात जवळ असला की हा ताण उतरतो. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सतत सोबत मिळालेल्या बायकांची प्रसूती नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता जास्त, कळांचा काळ थोडा कमी आणि सिझेरियनचे प्रमाणही कमी आढळले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी एका स्त्री-सोबतिणीला जवळ राहू देण्याचे धोरण जाहीर केले. वेल्ह्यातल्या पासलीसारख्या डोंगरी गावातून दवाखान्यात आलेल्या सुनेबरोबरच्या सासूला किंवा नणंदेला हे ठाऊक असायला हवे. नाहीतर ती बिचारी दाराबाहेरच बसून राहते.

स्वतःला मूलबाळ नसलेल्या या दांपत्याने त्या गृहात जन्मलेला एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा यशवंतने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.